आधी फूटपट्टी, मग अवजार

(छोट्या ट्रॅक्टरची अवजारे निवडण्याबाबत नाशिक जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्हा बैठक म्हटली की विषय ठरलेले असतात. कांद्याचा भाव, द्राक्षाच्या व्यापाऱ्याने बुडवलेले पैसे, बँकेचा तगादा आणि रात्री येणारी वीज. आज आम्ही त्यातले काहीच बोलणार नाही. आज आम्ही लोखंडाबद्दल बोलणार आहोत. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे काय जोडायचे आणि काय जोडायचे नाही, एवढाच विषय आहे.

काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मालाला भाव नाही हे मूळ दुखणे सोडून तुम्हीही काटकसरीचे कीर्तन करायला लागलात काय, असे कोणी विचारील. तसे नाही. शेतकरी उधळ्या आहे म्हणून कर्जात आहे, हे आम्ही कधी मानले नाही आणि आजही मानत नाही. पण २०२३ साल आठवा. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. ती उठायला ४ मे २०२४ उजाडला, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५. या सगळ्या काळात लासलगावचा भाव दिल्लीच्या मर्जीवर हलत होता. ट्रॅक्टरचा हप्ता मात्र कोणाच्याच मर्जीवर हलला नाही, तो ठरल्या तारखेला उभाच होता. भावाची लढाई आपण लढतोच आहोत आणि लढत राहू. पण लढणारा माणूस हप्त्याखाली दबलेला असला, तर तो पिंपळगावच्या बाजारात दुपारपर्यंतसुद्धा माल धरून ठेवू शकत नाही. म्हणून हा विषय.

आमची चूक आधी सांगतो

निफाड तालुक्यातल्या एका गावात आमचे एक कार्यकर्ते आहेत. चार एकर रान. अडीच एकर द्राक्ष, बाकीच्या दीड एकरात सोयाबीन आणि मग उन्हाळ कांदा. बैल विकून झाले होते, मजूर मिळत नव्हता. एका बैठकीत त्यांनी आम्हाला विचारले, भाऊ, छोटा ट्रॅक्टर घेऊ का? आम्ही म्हणालो, जरूर घ्या. आमच्याकडे शेतकीची पदवी आहे, आमचा शब्द वजनदार ठरला. पण त्या ट्रॅक्टरच्या मागे काय लावायचे, याबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. ते काम आम्ही दुकानदारावर सोडले.

त्यांनी १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. त्याच्यासोबत चार फुटी रोटाव्हेटर, चाकांवर ओढायचा ६०० लिटरचा ब्लोअर आणि एक ट्रॉली, असा सगळा संच एकाच कर्जात बसवून मिळाला. आता घरी कशाचीच कमी नाही, असे सगळ्यांना वाटले.

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाली. फुटवे निघाले, घड दिसू लागले आणि अवेळी पाऊस आला. डाऊनीला याहून चांगले दिवस नसतात. पाऊस थांबल्यावर काही तासांत फवारणी झाली पाहिजे, हे त्यांनाही माहीत होते आणि आम्हालाही. त्यांनी टाकी भरली आणि बागेत शिरले. ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो. वर टाकी, पंखा, सांगाडा आणि चाके. टनाच्या आसपास वजन मागे, आणि पुढे त्याहून हलका ट्रॅक्टर. काळ्या रानात तिसऱ्या ओळीत मागचे चाक फिरू लागले आणि सगळा गाडा बोदाला टेकला. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी भाड्याचा पंप आणि नळी धरायला माणसे शोधली, पण त्या दिवशी गावातल्या प्रत्येकालाच पंप हवा होता. फवारणी तिसऱ्या दिवशी झाली. तोवर घड तपकिरी पडायला लागले होते.

त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. बैठकीत हे सांगायला मात्र परवानगी दिली. आज जे सांगतो आहोत ते त्या दिवशीच सांगायला हवे होते.

आधी रान मोजा

ट्रॅक्टर बघायला जाण्यापूर्वी एक टेप, एक वही आणि घरातले एक माणूस घेऊन बागेत जा. पाच मापे घ्या.

पहिले माप, दोन ओळींतले अंतर. बाग ९ फुटांवर लावली म्हणून ९ फूट धरू नका. दोन्ही बाजूंचे बोद, ठिबकच्या नळ्या आणि अँगलचे पाय वजा करा. ट्रॅक्टरला चालायला सपाट जागा किती उरते तेवढेच लिहा. बऱ्याच बागांत ती पाच-साडेपाच फुटांच्या वर भरत नाही.

दुसरे माप, मांडवाची उंची. तारेपर्यंतची नव्हे, माल लागल्यावर घड जिथपर्यंत लोंबतात तिथपर्यंतची. धुराचा पाइप आणि मागची संरक्षक कमान त्याखालून गेली पाहिजे. वाय पद्धतीच्या बागेत हे माप दोन्ही बाजूंच्या हातांपासून घ्या.

तिसरे माप, ओळीच्या शेवटी वळायला जागा किती. तान तारा बांधाच्या किती जवळ ठोकल्या आहेत ते बघा. अंगावर उचलून घेतलेले अवजार असेल तर कमी जागेत वळता येते. मागे चाकांवर ओढायचे असेल तर त्याला मोठा वळसा लागतो. जागा नसेल तर प्रत्येक वळणावर पुढे-मागे करण्यात वेळ जातो, आणि एखाद्या दिवशी तान तार तुटते.

चौथे माप, चढ-उतार. दिंडोरी, पेठच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर बागा आहेत. अरुंद ट्रॅक्टर उताराला आडवा चालवला आणि मागे उंच टाकी पाण्याने भरलेली असली, तर तो कलंडायला वेळ लागत नाही.

पाचवे माप, माती. गोदाकाठच्या काळ्या रानात पावसानंतर वाफसा यायला किती दिवस लागतात आणि मुरमाड रानात किती, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते. ते वहीत लिहा. अवजाराचे वजन त्यावर ठरणार आहे.

मग ट्रॅक्टरचे पुस्तक वाचा

आपल्या जिल्ह्यात १५ पासून २८ अश्वशक्तीपर्यंतचे छोटे ट्रॅक्टर फिरताना दिसतात. महिंद्राचे युवराज आणि जीवो, स्वराज ७१७, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटी, राजकोटचा कॅप्टन, ही नावे गावोगाव माहीत आहेत. कोणता चांगला हे आम्ही सांगणार नाही. जवळच्या तालुक्यात ज्याचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात, तो निम्मा चांगला आहेच. पण कोणताही घ्या, तीन आकडे विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक, पीटीओची अश्वशक्ती. बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. मागच्या शाफ्टपर्यंत ती सगळी पोचत नाही. साधारण ८० ते ८५ टक्के पोचते, असा ठोकताळा धरा. म्हणजे १८ चा ट्रॅक्टर मागे सुमारे १५ देतो. रोटाव्हेटर, ब्लोअर, गवत कापणी यंत्र ही सगळी त्या १५ वर चालायची असतात, १८ वर नाही.

दोन, हायड्रॉलिकची उचलण्याची क्षमता. पुस्तकात जो मोठा आकडा असतो तो बहुधा खालच्या दुव्यांच्या टोकाला मोजलेला असतो. आपली टाकी त्या टोकाच्या आणखी मागे लटकते. जितकी मागे, तितकी उचल कमी. विहिरीतली बादली अंगाजवळ धरून उचला आणि हात लांब करून उचला, हिशेब तोच.

तीन, ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन आणि पुढच्या चाकांवर राहणारे वजन. मागे वजन लटकले की पुढचे टोक हलके होते. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला नाही, तर स्टेअरिंग फिरवून काही होत नाही, ट्रॅक्टर सरळच जातो. पुढे लावायची वजने मिळतात. अवजारासोबत ती घेतलीच पाहिजेत. घासाघीस करताना लोक टोपी, छत्री आणि टेप मागून घेतात. त्याऐवजी पुढची वजने मागा.

मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची शक्ती, उचल आणि डिझेलचा खर्च हे सगळे मोजून दिलेले असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. मागणाऱ्याशी विक्रेता जरा वेगळ्या सुरात बोलतो, हा आमचा अनुभव आहे.

ब्लोअर

द्राक्षवाल्याचे पहिले अवजार ब्लोअर. नाशिकमध्येच आता ब्लोअर बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे आणि फसायलाही.

टाकी ट्रॅक्टरच्या मापाने घ्या. १५ ते १८ अश्वशक्तीला अंगावर उचलायची २०० लिटरची टाकी. २४ च्या पुढे आणि ट्रॅक्टर वजनदार असेल तर ४०० लिटरचा विचार करा. ६०० लिटरचा ओढायचा ब्लोअर मोठ्या बागेला, मोठ्या वळणाला आणि निचऱ्याच्या रानाला ठीक आहे. दर एकराला एकदा टाकी भरावी लागली तर काय बिघडते? बांधावर पाण्याची टाकी आणि दोन इंची नळी ठेवली की भरण्यात जाणारा वेळ चिखलातून गाडा काढण्यात जाणाऱ्या वेळापेक्षा कितीतरी कमी असतो.

पंख्यालाच बहुतेक शक्ती लागते. पीटीओ ५४० फेऱ्यांवर फिरला तर पंखा पुरा वारा देतो. डिझेल वाचवायला रेस कमी केली की वारा पडतो. औषध बाहेरच्या पानावर चमकते आणि आतला घड कोरडा राहतो. उलट छाटणीनंतर नुसते पोंगे असताना पुरा वारा आणि सगळे नोझल चालू ठेवले, तर निम्मे औषध शेजाऱ्याच्या बागेत जाते. त्या वेळी पंख्याचा गियर खाली घ्या आणि वरचे नोझल बंद करा. नोझल एकेक बंद करता येत नसेल तो ब्लोअर घेऊच नका.

आता एक हिशेब करू. वहीत लिहून घ्या.

बागेत ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चालतो असे धरू. म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ मीटर. ओळीतले अंतर ९ फूट, म्हणजे २.७४ मीटर. दोन्हींचा गुणाकार केला की मिनिटाला सुमारे १८३ चौरस मीटर बाग फवारून होते. एकरात ४०४७ चौरस मीटर. म्हणजे वळणे आणि टाकी भरणे सोडून एकराला २२ मिनिटे. एकरी २०० लिटर पाणी द्यायचे असेल तर सगळ्या नोझलांतून मिळून मिनिटाला ९ लिटर पडले पाहिजे. दहा नोझल असतील तर प्रत्येकातून ९०० मिली.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बागेत १०० फूट मोजून दोन खुणा करा. ४ किलोमीटरच्या वेगाला ते अंतर २७ सेकंदांत संपते. मग ट्रॅक्टर उभा करून, पंखा बंद ठेवून, प्रत्येक नोझलखाली एक मिनिट मापाचे भांडे धरा. साधे पाणी वापरा, औषध नव्हे. एका नोझलमधून ६०० आणि दुसऱ्यातून १२०० मिली पडत असेल, तर एका बाजूच्या घडाला डाऊनी आणि दुसऱ्या बाजूच्या घडावर औषधाचा अंश, असे दोन्ही नुकसान एकाच बागेत होते. निर्यातीचा माल अंशापायी परत येतो तेव्हा आपण औषध कंपनीला शिव्या देतो. एकदा भांडे धरून बघा.

रोटाव्हेटर

चार फुटी रोटाव्हेटरला काळ्या रानात १८ चा ट्रॅक्टर पुरत नाही. त्याला तीन फुटी द्या. २४ ते २८ ला चार फुटी चालतो. तरी एक अट आहे. रोटाव्हेटरची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर चाकाची दाबलेली पट्टी तशीच राहते. एवढी रुंदी झेपत नसेल तर चाके आत घेता येतात का, किंवा अवजार एका बाजूला सरकवून जोडता येते का, हे विचारा.

पण त्याहून मोठा प्रश्न असा की, बागेत रोटाव्हेटर किती वेळा लागतो? गवत दिसले की रोटाव्हेटर, ही सवय वाईट आहे. वरचे चार इंच पीठ होते आणि त्याखाली पात्याने घासून घासून एक कडक थर बसतो. पाणी मुरत नाही, बोदाकडून मधल्या जागेत आलेली पांढरी मुळी तुटते. ओल्या काळ्या रानात तर त्याची विटाच पडतात. गवतासाठी गवत कापणी यंत्र, वरची माती हलवायला पाच फणांचा लहान कल्टिव्हेटर, आणि रोटाव्हेटर वर्षातून मोजक्या वेळा, वाफसा बघून. छाटणीच्या काड्या बारीक करून ओळीतच पसरणारे यंत्र चांगले आहे. रोगट काड्या मात्र आधी बाहेर काढा.

नांगरट तर छोट्या ट्रॅक्टरकडून करून घेऊच नका. दीड एकर कांद्याच्या रानासाठी पलटी नांगर विकत घेणे म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी वेगळे घर बांधणे. मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगा, सकाळी येतो, दुपारी जातो. नवी बाग लावायची असेल तर खोल नांगरटही त्याच्याकडूनच, लागवडीपूर्वी.

कांद्याचे माप वेगळे आहे

राजगुरुनगरला कांदा-लसणाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९९४ मध्ये ती आपल्या नाशिकलाच सुरू झाली आणि १९९८ मध्ये तिकडे गेली. तिची शिफारस रुंद गादी वाफ्याची आहे. माथा १२० सेंटिमीटर, उंची १५ सेंटिमीटर, मध्ये ४५ सेंटिमीटरची सरी. ठिबक, तुषारला आणि निचऱ्याला ही पद्धत चांगली, यात शंका नाही.

आता फूटपट्टी लावा. गादीचा माथा १२० आणि दोन्हीकडच्या सऱ्यांच्या मध्यापर्यंत १६५ सेंटिमीटर. म्हणजे ट्रॅक्टरची चाके एकमेकांपासून साधारण साडेपाच फुटांवर पाहिजेत, तर ती सरीतून चालतील. आपला द्राक्षाचा ट्रॅक्टर मुद्दाम अरुंद घेतलेला. त्याची चाके गादीच्या माथ्यावरूनच जाणार. म्हणून त्याच्यासाठी १२० च्या गादीचे यंत्र विकत घेऊ नका. गादी मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने पाडून घ्या, नाहीतर आपल्या चाकांच्या मापाची अरुंद गादी करा आणि ठिबक, लागवड सगळे त्याच मापाने आखा. कांदा काढणी यंत्रालाही हाच नियम. त्यातही एक लक्षात ठेवा, यंत्र कांदा उपटून वर आणते, पात कापायला आणि गोळा करायला माणसे लागतातच. वाचणारी मजुरी तेवढीच धरा.

सोयाबीन, गव्हाच्या दीड एकराला पेरणी यंत्र विकत घ्यायची गरज नाही. पाभर अजून माळ्यावर असेल तर ती काढा, नाहीतर भाड्याने पेरून घ्या.

घ्यायचे काय, वाटून घ्यायचे काय

आमचा नियम सोपा आहे. जे काम सगळ्या गावाला एकाच दिवशी करावे लागते त्याचे अवजार स्वतःचे पाहिजे. जे काम चार दिवस मागे-पुढे चालते त्याचे अवजार वाटून घ्यावे. डाऊनी सगळ्यांच्या बागेत एकाच रात्री येते. म्हणून ब्लोअर स्वतःचा. रोटाव्हेटर, काड्यांचे यंत्र, कांदा काढणी यंत्र ही पाच घरांत एक असली तरी कोणाचे अडत नाही.

याचाही हिशेब देतो. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. एक अवजार लाखाचे. दहा वर्षांनी दहा हजाराला जाईल. म्हणजे वर्षाला झीज ९,००० रुपये. सरासरी गुंतलेली रक्कम ५५,०००, त्यावर दहा टक्के व्याज ५,५००. दुरुस्ती आणि शेड ५,०००. एकूण वर्षाला १९,५०० रुपये. हे अवजार शेडमध्ये उभे असले तरी लागतात. वर्षात ते २० तास चालले तर तासाला ९७५ रुपये पडले, डिझेल आणि माणूस वेगळे. पाच घरांत मिळून १०० तास चालले तर १९५ रुपये. भाड्याचा दर तुम्हाला माहीत आहे. त्यातून डिझेल आणि माणूस वजा करा, उरेल त्याच्याशी हे ताडून बघा.

वाटून घ्यायचे तर कागदावर घ्या. कोणाकडे किती दिवस, मोडले तर कोणी भरायचे, डोळ्यांदेखत धुऊन परत द्यायचे की नाही, हे आधी लिहा. सख्ख्या भावांचे नाते पाण्याच्या पाळीवरून तुटलेले आपण पाहिले आहे. बिनकागदाचा रोटाव्हेटर तेच करील.

अनुदानाबद्दल दोन शब्द. कृषी यांत्रिकीकरणाची केंद्राची योजना २०१४-१५ पासून आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला साधारण ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, तेही ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या ट्रॅक्टरवरचा आणि बहुतेक शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर, आणि ट्रॅक्टरच्या टायर व सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर आला आहे. बिलात तो तसाच लावला आहे का, ते वाचून बघा. पण अनुदान आहे म्हणून अवजार, हे उलटे गणित करू नका. नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळाली, तरी निम्मी किंमत गेलीच.

जिवाचे माप

शेवटचे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचे. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्या फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक किंवा पदर अडकला तर हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण पहिल्या महिन्यात फुटते आणि आपण ते काढून फेकतो. ते बदलून घ्या. अवजार साफ करायचे तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, चावी खिशात, मग खाली उतरा. टाकी भरायला बायका-पोरे मागे उभी असतात, तेव्हा तर हे शंभर वेळा पाळा. आणि ब्लोअर चालवणारा, मग तो घरचा पोरगा का असेना, तोंडाला रुमाल बांधून नाही, औषध अडवणारा मास्क लावूनच बसेल.

निफाडच्या त्या भावाने पुढे ६०० लिटरचा ब्लोअर दिंडोरीच्या मोठ्या बागाईतदाराला विकला, घाट्यातच. २०० लिटरचा अंगावरचा घेतला, पुढची वजने लावली. चार फुटी रोटाव्हेटर शेजारच्या २८ च्या ट्रॅक्टरवर चालतो, त्या बदल्यात त्यांच्या रानात वर्षाची नांगरट होते. मागच्या गोडी छाटणीनंतर पाऊस थांबला तेव्हा दुपारी त्यांची फवारणी पुरी झाली होती. कर्जाचे तीन हप्ते अजून बाकी आहेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या बागेची पाच मापे आणि आपल्या ट्रॅक्टरचे तीन आकडे वहीत लिहून आणावेत. ज्यांना ट्रॅक्टर घ्यायचा आहे त्यांनीही मापे आणावीत. आपण एकेकाचे एकत्र बसून बघू. दुकानात त्यानंतर जा. या वेळी आम्ही सोबत येऊ.